मिसूरीतल्या फुकटच्या शूटिंग रेंजवर पहिल्यांदा जाताना

इकडे अमेरिकेत नव्याने आलेली आपली मुलं-मुली एक प्रश्न हमखास विचारतात, की ऑफिसातला कलीग किंवा युनिव्हर्सिटीतला मित्र म्हणतोय शनिवारी रेंजवर येतोस का, मोकळ्या माळावर आहे, पैसे लागत नाहीत, माझ्याकडे बंदूक आहे, तर जाऊ का? मला स्वतःला हा प्रकार मनापासून आवडतो आणि मी नेहमी जाते त्यामुळे जाऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही, पण जायच्या आधी काही गोष्टी माहीत पाहिजेत आणि त्यातल्या एक-दोन इतक्या गंभीर आहेत की त्या तो कलीग तुम्हाला सांगणार नाही, कारण त्यालाच त्या माहीत नसतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. मी मिसूरीत राहते म्हणून उदाहरणं इथली आहेत, दुसऱ्या राज्यात असाल तर तिथले नियम तिथल्या खात्याच्या वेबसाइटवर बघून घ्या.

आधी हे काय असतं ते

मिसूरीचं कॉन्झर्वेशन डिपार्टमेंट, म्हणजे जंगलं, मासे, हरणं, टर्की हे सगळं सांभाळणारं राज्याचं खातं, ते राज्यभर शूटिंग रेंज चालवतं. त्यात दोन प्रकार. एक, स्टाफवाल्या रेंज, राज्यात मोजून थोड्याच, सेंट लुईसजवळची बुश रेंज आणि जे हेंजेस रेंज ह्या त्यातल्या. तिथे खात्याची माणसं असतात, थोडी फी असते, लेन मिळते, माइकवरून सूचना येतात. दुसऱ्या बिनस्टाफच्या, आणि ह्याच त्या फुकटच्या. कोलंबियाच्या उत्तरेला हायवे ६३ लगत रॉकी फोर्क लेक्सचा भाग आहे, पूर्वी तिथे कोळशाच्या उघड्या खाणी होत्या, आता तळी आणि झाडी झालीय, तिथे अशी एक रेंज आहे. एक पत्र्याची शेड, खाली काँक्रीट, नेम धरायला बाकं, समोर मोकळी पट्टी, टार्गेट लावायच्या चौकटी आणि मागे मातीचा उंच बांध जो गोळ्या अडवतो. एवढंच. तिकीट खिडकी नाही, वॉचमन नाही, बंदूक भाड्याने मिळत नाही, गोळ्या मिळत नाहीत, बऱ्याच ठिकाणी प्यायचं पाणीसुद्धा नाही.

फुकट कसं परवडतं असं मला सगळे विचारतात. १९३७ साली इथे पिटमन-रॉबर्टसन नावाचा कायदा झाला, त्याने रायफल, शॉटगन आणि गोळ्यांवर ११ टक्के आणि पिस्तुलांवर १० टक्के असा केंद्राचा कर आहे जो बनवणारी कंपनीच भरते, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि सार्वजनिक रेंज बांधायला ९० टक्क्यांपर्यंत खर्च त्या पैशातून करता येईल असं झालं, त्यामुळे राज्यांना रेंज बांधणं बरंच सोपं झालं. शिवाय मिसूरीच्या लोकांनी १९७६ साली मतदान करून स्वतःवर एक वेगळा सेल्स टॅक्स लावून घेतलाय, एका टक्क्याचा आठवा भाग, म्हणजे आठ डॉलरच्या खरेदीमागे एक सेंट, तो थेट ह्या खात्याला जातो. म्हणजे तुम्ही इथल्या दुकानात काहीही विकत घेत असाल तर तुम्हीही ह्या रेंजचे पैसे भरताय, तेव्हा तिथे जायला संकोच करायचं काही कारण नाही.

पहिली पायरी घरातच: तुमचा व्हिसा कुठला?

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कळकळीने सांगतेय. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळी बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणजे नोकरीचे एच-१बी आणि एल-१, एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा एच-४, विद्यार्थ्यांचा एफ-१, आणि आईबाबा येतात तो बी-२ सुद्धा. आणि बाळगणं म्हणजे विकत घेऊन घरी ठेवणं एवढंच नाही, मित्राची बंदूक रेंजवर पाच मिनिटं हातात घेऊन चालवणं हेही त्यात येतं, भाड्याने घेतलेलीही येते, नुसती एक गोळी खिशात असली तरी येते. शिक्षा १५ वर्षांपर्यंत होऊ शकते, आणि इमिग्रेशनच्या दृष्टीने बंदुकीचा गुन्हा म्हणजे देशाबाहेर काढायचं स्वतंत्र कारण. आणि ज्याने माहीत असून तुमच्या हातात बंदूक दिली तोही अडकतो, म्हणजे तुमच्या त्या चांगल्या मनाच्या कलीगलाही त्रास.

ह्याला अपवाद आहेत, आणि सगळ्यात उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स तुमच्या नावावर असणं. ते असेल, मुदत संपलेली नसेल, आणि तुम्ही कायदेशीर स्टेटसमध्ये असाल तर तुमच्यावरची ही बंदी उठते. तुम्ही शिकार कधीच करणार नसाल, घरी शाकाहारी असाल तरी लायसन्स काढता येतं. मिसूरीत १ जानेवारी १९६७ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला बंदुकीने शिकार करायचं परमिट, म्हणजेच हे लायसन्स, घ्यायला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, १६ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन होतो, आणि खरं सांगायचं तर शिकारीसाठी नाही तरी रेंजवर जायच्या आधी प्रत्येकाने हा कोर्स करावा इतका तो चांगला आहे, बंदुकीचे प्रकार, गोळी कशी काम करते, हाताळायची कशी हे सगळं त्यात येतं. परमिट काढलं की त्याची प्रिंट सोबत ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा, मुदत कधी संपते ते कॅलेंडरमध्ये टाका, कारण मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही परत बंदीत. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर ही व्हिसाची अडचण येत नाही. तुमची केस जरा जरी वेगळी असेल, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय, स्टेटस बदलतंय, पूर्वी काही पोलिस केस झालीय, तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. एका फोनचे पैसे जातील, जाऊ देत.

आणि आईबाबा आलेत म्हणून त्यांना गंमत दाखवायला घेऊन जाताय? मागे उभं राहून बघू देत की, कानाला लावायला द्या, खुर्ची द्या. पण फोटोपुरतीसुद्धा बंदूक त्यांच्या हातात देऊ नका. बाबांना फार हौस असते, एनसीसीत असताना चालवली होती म्हणतात, तरीसुद्धा नाही.

ज्यांना लायसन्सच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी एक छान पर्याय आहे ज्याकडे कोणी बघतच नाही, खात्याच्या कितीतरी जागांवर धनुष्यबाणाचीही टार्गेट असतात, तीही फुकट, आणि धनुष्य बंदुकीच्या कायद्यात येत नाही.

दुसरी पायरी: पहिली खेप स्टाफवाल्या रेंजवर करा

हे माझं ठाम मत आहे. फुकटच्या रेंजवर तुमचं चुकलं तर सांगणारं अधिकृत असं कोणी नाही, आणि तुमच्या शेजारच्याचं चुकलं तर त्यालाही. नवख्या माणसाला समोरचा बरोबर करतोय की चूक हेच कळत नसतं. म्हणून एकदा-दोनदा फी भरून स्टाफवाल्या ठिकाणी जा, रेंज ऑफिसरला सरळ सांगा की मी नवीन आहे, ते अगदी आपुलकीने शिकवतात, तिथली शिस्त अंगवळणी पडू द्या, मग फुकटची रेंज. मी नवीन माणसाला सोबत नेते तेव्हा ह्याच क्रमाने नेते.

तोवर सोबत कोण येतंय तेही बघून घ्या. जो बोलावतोय त्याला आधीच विचारा, कुठली बंदूक आणणार, किती लोक येणार. एका नवख्यामागे एक जाणकार असं पाहिजे, चार नवखे आणि एक जाणकार असं असेल तर नका जाऊ. आणि सुरुवात पॉइंट टू-टू, म्हणजे अगदी बारीक गोळीच्या, रायफलनेच करा. तिचा धक्का जवळजवळ जाणवत नाही, आवाज त्यातल्या त्यात कमी, गोळ्या सगळ्यात स्वस्त. काही लोकांना नवीन माणसाच्या हातात एकदम मोठी शॉटगन किंवा तगडं पिस्तूल देऊन तो मागे कसा ढकलला जातो हे बघायची खोड असते. असा माणूस दिसला की मी उघड नाही म्हणते, तुम्हीही म्हणा. पिस्तूल तर दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपर्यंत नकोच, नळी आखूड असल्यामुळे मनगट जरासं वळलं तरी तोंड कुठल्या कुठे जातं.

तिसरी पायरी: अंगावर काय, पिशवीत काय

कान. मोठ्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वर एकाच आवाजाने कान कायमचा दुखावू शकतो, परत बरा होत नाही. म्हणून आत फोमचे इअरप्लग आणि वर इअरमफ, दोन्ही. प्लग पिळून, कान वरून ओढून, नीट आत बसवायचा, टोकाला नुसता अडकवला तर काही उपयोग नाही. पत्र्याच्या शेडखाली आवाज जास्तच घुमतो. डोळ्यांना सेफ्टी गॉगल, झेड ८७ असं छापलेलं असतं त्यावर, होम डेपोत मिळतो. नेहमीचा नंबरचा चष्मा असेल तर त्यावरून घालायचाही मिळतो.

कपडे साधे पण गळाबंद. बंदुकीतून उडणारी रिकामी पुंगळी चटका बसेल इतकी गरम असते आणि खोल गळ्याच्या टॉपमध्ये पडली तर माणूस हातात भरलेली बंदूक घेऊन नाचायला लागतो, धोका तिथे असतो. ओढणी, स्कार्फ, मोकळे लांब केस, सँडल नको. पुढे झापड असलेली टोपी घाला, गॉगल आणि कपाळाच्या मधे पुंगळी अडकत नाही.

पिशवीत: कागदी टार्गेट आणि ती लावायला स्टेपल गन, साधा ऑफिसचा स्टेपलर चालत नाही, ही स्टेपल गन विसरलेले लोक दर वेळी भेटतात म्हणून स्टेपल जास्तीचे न्या, कुणालातरी देता येतात. मार्कर, चिकटपट्टी, भरपूर पाणी, ओले टिशू, कचऱ्याच्या दोन मोठ्या पिशव्या, फर्स्ट एड किट आणि त्यात टूर्निके. टूर्निके म्हणजे हातापायातून जोरात रक्त जात असेल तर आवळायचा पट्टा, तो कसा लावायचा हे यूट्यूबवरून नको, स्टॉप द ब्लीड नावाच्या, रक्तस्राव थांबवायला शिकवणाऱ्या क्लासमध्ये शिकून घ्या, तो बहुतेक ठिकाणी फुकट असतो. रेंज गावाबाहेर, अँब्युलन्स यायला वेळ, मोबाइलला कधी नेटवर्क असतं कधी नसतं, म्हणून पोचल्यावर पहिल्यांदा नेटवर्क बघा आणि त्या जागेचं नाव व रस्ता पाठ करून ठेवा, ९११ ला सांगता आलं पाहिजे.

चौथी पायरी: जायची वेळ आणि रस्ता

निघायच्या आधी खात्याच्या वेबसाइटवर त्या रेंजचं पान उघडा, दुरुस्तीसाठी बंद आहे का, वेळा काय, नियम काय. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी सगळ्यात शांत असतं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची सुरुवात टाळाच, कारण नोव्हेंबरच्या मध्यावर बंदुकीने हरणाच्या शिकारीचा मुख्य मोसम सुरू होतो आणि त्याआधी अख्खा जिल्हा आपापल्या रायफलीचा नेम जुळवायला रेंजवर लोटतो, बाकासाठी थांबावं लागतं, सगळ्या मोठ्या रायफली, नवख्याचं डोकं भणाणून जातं.

गाडीत बंदूक रिकामी, केसमध्ये, डिकीत, गोळ्या वेगळ्या डब्यात. मिसूरीत ह्यापेक्षा बरंच सैल चालतं पण ही सवय सगळीकडे चालते म्हणून हीच लावा. सेंट लुईसकडच्यांनी लक्षात ठेवा, मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की इलिनॉय, आणि तिथे कायदा पूर्ण वेगळा, तिथल्या रहिवाशाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं परवानगीचं ओळखपत्र, लागतं. इलिनॉयमधल्या एडवर्ड्सव्हिलला राहून सेंट लुईसमध्ये नोकरी करणारे आपले लोक आहेत, त्यांनी हे विसरून चालणार नाही.

पाचवी पायरी: पोचल्यावर आधी नुसतं बघा

गाडी लावली की बंदुकी गाडीतच राहू द्या. कान-डोळे झाकून शेडजवळ जा, बोर्डावरचे नियम पूर्ण वाचा, आणि दहा मिनिटं नुसते उभे राहून बघा कोण कसा वागतोय. बंदुकीची तोंडं बांधाकडे आहेत का, कोणी पुढे गेलाय तेव्हा बाकीचे बंदुकीपासून लांब आहेत का, बिअरचे कॅन तर दिसत नाहीत ना. काहीही खटकलं तर गाडीत बसा आणि परत जा. तासभर गाडी चालवून आलोय म्हणून मन होत नाही, पण जा. रेंज उद्याही असते आणि परवाही.

सगळं ठीक दिसलं तर शेजाऱ्यांना हाय-हॅलो करा, नवीन आहे म्हणून सांगा. मला इथे गावाकडचे म्हातारे अमेरिकन फार प्रेमाने वागलेले दिसलेत, स्वतःची दुर्बीण बघायला देतील, सँडबॅग देतील, तुमचं टार्गेट नेऊन लावतील. बायकांना कधी कधी न मागता जास्तच शिकवायला येतात, तेव्हा थँक्यू, माझ्यासोबत शिकवणारं आहे असं म्हटलं की पुरतं.

आता हॉट आणि कोल्ड. हे दोन शब्द म्हणजे रेंजचा जीव, हॉट म्हणजे गोळीबार चालू, कोल्ड म्हणजे थांबलेला. टार्गेट लावायला किंवा बघायला पुढे जायचं असेल तर कोणीतरी मोठ्याने विचारतो, सगळे तयार आहात का, रेंज कोल्ड करू का? प्रत्येकाने मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा डबा, काढायचं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसते ती जागा, रिकामं करायचं, बोल्ट, म्हणजे ती जागा बंद करणारा दांडा, उघडा ठेवून बंदूक बाकावर ठेवायची, तोंड बांधाकडे, आणि बाकापासून मागे यायचं. चेंबरमध्ये घालायची एक रंगीत प्लास्टिकची खूण मिळते ती घातली की लांबूनही कळतं बंदूक रिकामी आहे. प्रत्येकाने होकार दिला की मगच रेंज इज कोल्ड, आणि मग माणसं पुढे जातात. कोणीही पुढे असताना बाकावरच्या बंदुकीला हात लावायचा नाही, पुसायलाही नाही, तिच्यावरच्या दुर्बिणीतून टार्गेट बघायलाही नाही, मॅगझिन भरायचं तरी बाकापासून लांब. सगळे परत आले, मोजले, शेवटचा माणूस शेडच्या मागे आला की मग कोणीतरी म्हणतो रेंज इज हॉट.

स्टाफवाल्या रेंजवर हे ऑफिसर बोलतो. इथे आपण बोलायचं. आपल्याकडच्या मुलांना, त्यातून मुलींना, अनोळखी लोकांत मोठ्याने बोलायला जड जातं, आपलं इंग्लिश, आपला उच्चार, वयाने मोठी माणसं, नवीन असून आपण काय सांगणार. इथे हे सगळं बाजूला ठेवायचं. धोका दिसला की "सीझ फायर", म्हणजे गोळीबार थांबवा, असं बेंबीच्या देठापासून ओरडायचं, तो अधिकार तिथे असलेल्या प्रत्येकाला आहे, पहिल्यांदा आलेल्यालाही, लहान मुलालाही. हरणाचं पिल्लू पट्टीत आलं, कोणी न सांगता पुढे चालायला लागला, कुणाच्या बंदुकीचं तोंड माणसांकडे वळलं, ओरडा. उगीच ओरडलात असं वाटलं तरी कोणी शहाणा माणूस रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्या शेजारी तुम्हाला थांबायचंच नाहीये. माझ्या मते फुकटच्या रेंजवर जायला सगळ्यात आधी हेच यायला पाहिजे, नेम नंतर.

सहावी पायरी: बंदूक हातात

चार नियम, जगात कुठेही गेलात तरी हेच. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, आत्ता स्वतः रिकामी केलेली असली तरी. ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे तोंड कधीच करायचं नाही. नेम पूर्ण धरून झाडायचं ठरेपर्यंत बोट ट्रिगरवर नाही, बाजूला सरळ. आणि टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत पाहिजे. शेवटचा नियम लोकांना पुस्तकी वाटतो, पण ती एवढीशी टू-टूची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. म्हणून बांधाच्या वरून गोळी जाईल असं टार्गेट उंच लावायचं नाही, जमिनीवर ठेवलेल्या डब्यावर झाडायचं नाही, ती घसरून उडते.

टार्गेट पहिल्यांदा २५ यार्डांवर लावा. शेजारच्या लेनमधले लोक १०० यार्डांवर मारत असतील, मारू देत. बाकावर बसा, दोन्ही पाय जमिनीवर, रायफल सँडबॅगवर टेकवा, मागचा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट. एका वेळी एकच गोळी भरा. पहिल्या खेपेला मॅगझिन भरूच नका, एक गोळी, एक बार, बोल्ट उघडा, श्वास घ्या, मग पुढची. श्वास सोडताना मधे एक थांबा येतो तिथे ट्रिगर हळूहळू दाबत न्यायचा, झटका द्यायचा नाही, बार कधी होईल ते आपल्यालाही नेमकं कळता कामा नये. कळलं तर खांदा आधीच आकसतो आणि गोळी खाली जाते. कुठला डोळा प्रबळ आहे तेही आधी बघून घ्या, उजव्या हाताच्या कितीतरी लोकांचा डावा डोळा प्रबळ असतो आणि मग ते का लागत नाही म्हणून वैतागतात.

गोळी तीच का ते तपासा. नळीवर कोरलेलं असतं, गोळ्यांच्या खोक्यावर छापलेलं असतं, दोन्ही तंतोतंत जुळलं पाहिजे. शॉटगनमध्ये तर १२ गेज आणि २० गेजची काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका, गेज हे नळीचं माप आहे आणि आकडा मोठा तितकं काडतूस बारीक, म्हणून २० चं काडतूस १२ च्या नळीत घसरून पुढे अडकतं, वरून १२ चं भरलं जातं आणि नळी फुटते.

ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही, तर बंदूक तशीच बांधाकडे धरून ३० सेकंद थांबायचं, कधी कधी बार उशिरा होतो. मग रिकामी करायची. आणि नेहमीसारखा आवाज न येता नुसतं फुस्स झालं, धक्का कमी बसला, तर एकदम थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि त्यामागून दुसरी झाडली तर नळी फाटते. रिकामी करून जाणकाराला नळी तपासायला द्या, तो नसेल तर तो दिवस तिथेच संपवा.

काय चालत नाही ते बोर्डावर असतंच, पण थोडक्यात, बाटल्या, जुने टीव्ही, फ्रीज, फुटणारी टार्गेट, जळत जाणाऱ्या किंवा चिलखत भेदणाऱ्या गोळ्या, ऑटोमॅटिक बंदुका, दारू, हे काही नाही. चौकटीचे लाकडी खांब हे टार्गेट नाहीत, ते मोडले की दुरुस्तीला रेंज बंद होते. पत्र्याची शेडसुद्धा लोकांनी चाळणी केलेली दिसते, मला ते बघून खरंच वाईट वाटतं.

दमलात की थांबा. हात थरथरायला लागतात, लक्ष उडतं, तेव्हाच चुका होतात. नव्या माणसाला पन्नास गोळ्यांचं एक खोकं पुष्कळ झालं.

मुलांना न्यायचं असेल तर

आपल्याकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतल्यापासून बऱ्याच घरांत मुलांना शूटिंग शिकवायची हौस आलीय, आणि तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, अंजली भागवत ही नावं तर आपल्याला आधीपासून माहीत. पण ऑलिंपिकसारखं शूटिंग मुलाला शिकवायचं असेल तर ही मोकळी रेंज त्यासाठी नाही. त्याची सुरुवात एअर रायफलने, १० मीटरवर, कोचच्या हाताखाली होते. मिसूरीत ४-एच ह्या मुलांसाठीच्या संस्थेचा शूटिंग स्पोर्ट्सचा कार्यक्रम मोठा आहे, तिथे चौकशी करा. मुलाला नुसती ओळख व्हावी म्हणून मोकळ्या रेंजवर न्यायचं तर एका मुलामागे एक मोठं माणूस हात लागेल इतक्या अंतरावर, आणि मुलाचं स्टेटसही बघा, ते एच-४ वर असेल तर वर लिहिलेलं सगळं त्यालाही लागू.

निघताना आणि घरी आल्यावर

रेंज कोल्ड असताना टार्गेट काढा, पुंगळ्या झाडून गोळा करा, स्टेपल्सपासून काडतुसांच्या प्लास्टिकपर्यंत सगळं पिशवीत भरून घरी न्या, तिथे कचरापेटी असेलच असं नाही. जमलं तर दुसऱ्याचंही थोडं उचला. फुकटच्या रेंज बंद पडतात त्या बहुतेक कचऱ्याने आणि तोडफोडीने, आणि एकदा बंद झाली की जवळपास दुसरी मिळत नाही.

मग शिसं. गोळ्यांत आणि बार पेटवणाऱ्या प्रायमरमध्ये शिसं असतं, ते हातावर, कपड्यांवर, केसांत बसतं. रेंजवर काही खायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. निघताना ओल्या टिशूने हात-तोंड पुसा, पहिलं पाणी मिळेल तिथे साबणाने धुवा, गार पाण्याने. बूट दाराबाहेर, कपडे वेगळे धुवायला, अंघोळ, आणि त्यानंतरच बाळाला जवळ घ्या. गरोदर बाईने जाऊ नये असं मी स्पष्ट सांगेन, शिशासाठी आणि आवाजासाठीही, पोटातल्या बाळाला इअरमफ लावता येत नाहीत.

बंदूक तुमची असेल तर साफ करून कुलपात, गोळ्या वेगळ्या कुलपात, आणि घरात मुलं असोत नसोत, पाहुण्यांची येतातच.

आता जी गोष्ट आपल्या लोकांनाच लागू आहे ती. ज्या बॅगेतून रेंजचं सामान नेता ती बॅग भारतात जाताना कधीच, कधीच वापरू नका. ते जॅकेट आणि ती पँटही नाही. एखादी गोळी शिवणीत, आतल्या चेनच्या कप्प्यात राहिलेली असते, आपल्याला पत्ता नसतो, आणि मुंबईला किंवा दिल्लीला एक्स-रेमध्ये ती दिसते. तिथे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ लागतो, एका गोळीवर एफआयआर होतो. मला माहीतच नव्हतं असं म्हणून कोर्टाने केस रद्द केल्याची उदाहरणं आहेत, पण ते सगळं नंतर, आधी पोलिस स्टेशन, पासपोर्ट अडकणं, वकील, सुट्टी संपून जाणं, इकडची नोकरी टांगणीला. रिकामी पुंगळी भाच्याला द्यायला म्हणून मुद्दाम नेणारेही आहेत, त्यांना हात जोडून सांगते, नका नेऊ. रेंजसाठी एक स्वस्तातली वेगळ्या रंगाची बॅग घ्या, तिच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात रेंज असं लिहा, ती गॅरेजमध्ये ठेवा, आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ह्या बॅगेत दुसरं काही भरायचं नाही.